नव्या टार्टनचा जुना इतिहास

लीड्स

विलायतेहून परतल्यापासून जो तो विचारतोय, "काय काय पाहिलंत?" मी म्हणते, कापड पाहिलं. लगेच समोरच्याचा चेहरा पडतो. राणीचा राजवाडा नाही? ते मोठं घड्याळ नाही? नाही हो. लंडनमध्ये मी फक्त विमानतळापुरती होते. बाकी सगळा मुक्काम लीड्सला, भावाकडे, आणि मधले चार दिवस स्कॉटलंडात. पण त्या चार दिवसांत जे कापड पाहिलं, त्यानं मी आजतागायत थक्क आहे. म्हणून हे लिहायला बसले. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलं, आता स्वतः लिहून बघते.

निमित्त लग्नाचं. अरुण माझा धाकटा भाऊ. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारा डॉक्टर. सत्तरच्या दशकात लीड्सच्या हॉस्पिटलात गेला तो तिथलाच झाला. त्याची मुलगी मीनल तिकडेच जन्मली, फिजिओथेरपिस्ट झाली आणि तिनं लग्न ठरवलं ते ईयन नावाच्या स्कॉटिश मुलाशी. गोरापान, लाजरा, माझ्या पाया पडताना टीपॉयवर डोकं आपटून घेतलेला. मला आवडला.

तर या लोकांत लग्नात नवरा मुलगा किल्ट नेसतो. म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागराच, पण तसं म्हणायचं नसतं. मी म्हटलं, तर मीनलनं टेबलाखालून चिमटा काढला. त्या किल्टचं चौकड्यांचं लोकरी कापड असतं त्याला टार्टन म्हणतात, आणि घराण्यागणिक चौकडी वेगळी. ईयनच्या आईनं जेवताना सहज विचारलं, "तुमच्या घराण्याचं टार्टन नसेल ना?" मीनल जिद्दीची. तिनं चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी स्वतःच एक काढलं, एडिंबराच्या एका दुकानाला पोस्टानं पाठवलं, आणि त्यांनी "करून देऊ" म्हणून कळवलं. लग्नात खांद्यावरून घ्यायचा शेला त्या कापडाचा होणार होता.

"आत्या, ही डिझाइन फुल्ली माझा आहे," ती मला कागद दाखवत म्हणाली. तिच्या मराठीतल्या लिंगांचा कधीच पत्ता नसतो. निळ्या रंगावर हिरव्या चौकड्या होत्या, ईयनकडचा जांभळा पट्टा, आणि मधून एक बारीक पांढरी रेघ. "निळा आपला. आणि हा व्हाइट लाइन आजोबांसाठी. ते कॉटन मिलमध्ये वीव्हर होते ना, म्हणून."

मी अरुणकडे पाहिलं. अरुण खिडकीबाहेरच्या गुलाबांकडे पाहत होता.

इथं थोडं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा मी कॉलेजात होते. मुंबईच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. लीड्सच्या मराठी मंडळात मात्र कुणालाच ठाऊक नाही. आडनावावरून कळत नाही आणि अरुण सांगत नाही. गणपतीत मंडळात जातो म्हणाला, तेव्हा मी विचारलं, "काय रे, आरती म्हणतोस?"

"टाळ्या वाजवतो, अक्का," तो म्हणाला.

आणि वडिलांविषयी मुलीला त्यानं एवढंच सांगितलं होतं की ते टेक्स्टाईलमध्ये होते. पुढचं तिनं स्वतः जुळवलं. वडील विणकर नव्हते. का नव्हते, ते मला माहीत होतं, अरुणला माहीत होतं, आणि दोघंही गप्प बसलो.

एडिंबरा

कापड विणायला लागण्यापूर्वी दुकानात एकदा यायला हवं, असं पत्र आलं. अरुणची बायको सुमन लग्नाच्या तयारीला घरी थांबली आणि आम्ही तिघं अरुणच्या गाडीनं निघालो.

एडिंबरा पाहून माझी बोलतीच बंद झाली. शहराच्या मधोमध काळाकभिन्न कातळ आणि त्यावर किल्ला! खालून रोज बस, गाड्या, भाजी आणणाऱ्या बायका जातात आणि कुणी मान वर करत नाही. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून एक म्हातारा आदळला आणि त्यानंच माझी माफी मागितली.

दुकान किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर. आत शिरले आणि पुन्हा थक्क. जमिनीपासून छतापर्यंत चौकड्या. लाल, हिरव्या, मोरपंखी, हळदी, मातकट. इतक्या तऱ्हेच्या चौकड्या माणसाच्या डोक्यात येतात तरी कशा, मला कळेना. मी एकेका ताग्यावर हात फिरवत गेले. वडिलांची सवय, ती मला लागली आहे. कापड दिसलं की आधी बोटं, मग डोळे.

प्रत्येक कापडाखाली एक छापील कार्ड. मीनल वाचून दाखवू लागली. हे अमक्या लढाईत नेसलं होतं. ते अमक्या सरदारानं हद्दपारीत उशाला घेतलं होतं. पुढे नवीन कापडांचा एक भाग होता, आणि तिथंही तसंच. एका फुटबॉल संघाचं टार्टन, एका बिस्किटवाल्याचं, एका गोल्फ क्लबचं. "हे लास्ट यर निघाला, आत्या," मीनल म्हणाली, "बट कार्डवर लिहिलाय, प्राचीन डोंगरी योद्ध्यांचा स्पिरिट." बिस्किटांत योद्धे कुठून आले? मला हसू आवरेना. पण आपल्याकडे तरी काय, परवा यंत्रमागावर निघालेली साडी पेशवेकाळची म्हणून गळ्यात मारतातच की.

दुकानदार आला. चांदीसारखे केस, स्वतः किल्ट नेसलेला, पायांत गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे. मला पाहून तो चक्क कमरेत वाकला. खुर्ची आणली, चहा आणला, लोण्याची जाड बिस्किटं आणली. मग वही उघडून म्हणाला की कापडासोबत घराण्याच्या इतिहासाचं प्रमाणपत्र देतो, तर आपला इतिहास काय?

अरुण म्हणाला, आम्ही महाराष्ट्राचे.

"मराठा!" तो माणूस उजळलाच. डोंगरी किल्ले, घोडदळ, शूर जमात, अगदी आमच्या हायलँडर्ससारखी! आमच्या पलटणी हिंदुस्थानात होत्या, कुणा स्कॉटिश कर्नलनं एखाद्या मराठा सरदाराला आपला शेला भेट दिला असेल, नाही का? असं होऊ शकतं, नाही का? मीनल पटापट मराठीत सांगत होती. मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, आपलं घराणं राजघराण्याशी संबंधित असावं. आपल्या चेहऱ्यावरूनच दिसतं."

आता खरं सांगते. मला साठ वर्षांत कुणी राजघराण्यातलं म्हटलं नव्हतं. उलट लहानपणी शाळेत पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. आणि इथं हा उंचापुरा माणूस माझ्यापुढे वाकतोय, भोवती सगळे रंग झगमगताहेत, हातात सोनेरी काठाची कपबशी. माझी मान हलली. हो म्हणून हलली! अरुण म्हणाला, "येस, येस, हिल फोर्ट्स." त्या माणसानं आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरवर सगळं बडवलं आणि कागद आणून दिला. दख्खनच्या डोंगरी राजांचं टार्टन. पांढरी रेघ म्हणजे किल्ल्याची तटबंदी.

"पण ती आजोबांचा लाइन आहे," मीनल म्हणाली.

"दोन्ही असू शकतं," दुकानदार हसून म्हणाला. हा मसुदा आहे, काही बदल असेल तर विणणाऱ्या बाईंकडे सांगा, त्या मला कळवतील, मग छापू.

बाहेर आल्यावर मी अरुणला म्हटलं, "आपण हे काय केलं रे?"

"अक्का, लग्नात तिकडचे डॉक्टर येणार, मंडळातले लोक येणार. कार्ड कोण वाचतंय? आणि कुणी वाचलंच तर चांगलं काहीतरी वाचू दे की."

मी गाडीत जाऊन बसले. मानही माझीच हलली होती ना.

डोंगरात

मीनलला आपलं कापड विणताना पाहायचं होतं, आणि विणणाऱ्या बाईंचं गाव उत्तरेला डोंगरात. वाटेत दोन रात्री मुक्काम. पहिल्या घरी सकाळी ओटची लापशी मिळाली, मीठ घालून. चव थेट आपल्या ज्वारीच्या आंबिलीची, फक्त ताक नाही. मी दोनदा घेतली तेव्हा घरमालकीण खूष. रात्री हॅगिस. मेंढीच्या आतड्या-काळजाचं बारीक करून, मसाला घालून, कोथळ्यात शिजवतात. मीनलला वाटलं आत्या तोंड फिरवेल. अगं, आमच्या घरी रविवारी वजडी शिजायची! मी म्हटलं, यात आलं-लसूण आणि चमचाभर कांदालसूण मसाला पडला असता तर तुझ्या आजीनं दाद दिली असती. अरुण लीड्सला आल्यापासून वजडीला शिवला नव्हता. त्यानं माझ्या ताटातलं उचललं आणि गुपचूप संपवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी एका खिंडीतून वर आली आणि अरुणनं न सांगताच थांबवली. अहाहा! सगळे डोंगर जांभळे. हेदर नावाचं खुरटं झुडूप, त्याला कणभर फुलं, पण नजर जाईल तिथवर तेच. वर ढग धावताहेत आणि त्यांच्या सावल्या डोंगरावरून सरकताहेत. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. तेवढ्यात ऊन पडलं की जांभळ्याचा तांबूस होतो, खाली तळं चमकतं, आणि दोन क्षणांत सगळं राखाडी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं, सांगता येणार नाही. मीनलच्या कागदावरचा जांभळा पट्टा कुठला, ते मला तेव्हा कळलं.

मला ती फुलं हातात घ्यायची होती. साडी खोचून चार पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात! वरून गवत दिसतं, खाली नुसती काळी राड. एका बाजूनं अरुण ओढतोय, दुसरीकडून मीनल, आणि मी हसतेय. मी निघाले, डाव्या पायातली चप्पल निघाली नाही. ती अजून तिथंच आहे. पुढचा प्रवास मीनलचे खेळायचे बूट घालून केला, नऊवारी नाही म्हणून बरं.

बुटांची नाडी बांधताना मीनलनं विचारलं, "आत्या, आजोबांनी कशी कापड विणली? तू पाहिलीस?"

मी म्हटलं, "ते घरी बाज विणायचे. सुतळीची. दर वेळी नवी नक्षी."

खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि माझा मलाच राग आला.

जीनबाईंचा माग

ओढ्याकाठी दगडी गोठ्यासारखी इमारत. दारात एक बुटकी, मजबूत बाई, सत्तरीच्या आसपास, अंगात निळा झगा, त्यावर लोकरीचे तुकडे चिकटलेले. ही जीन. दुकानाची खास कामं हीच विणते. तिचं इंग्रजी अरुणलाही पहिल्या झटक्यात कळेना. मीनलला कळायचं, ईयनच्या आजीमुळे.

आत दोन जुने लोखंडी माग. एकावर मीनलचा ताणा चढवून ठेवलेला. कागदावरचे रंग उभे ताणलेले होते, शेकडो धागे, निळ्यात हिरवे, मग जांभळे, आणि त्यात ती पांढरी रेघ, केसाएवढी. मीनलनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. जीननं खटका ओढला. बापरे! जमीन थरथरली, छत थरथरलं, माझे दात वाजले. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी ती लाकडी होडी, या टोकाहून त्या टोकाला कधी जातोय दिसतच नव्हतं, आणि पुढून बोटा-बोटानं कापड येत होतं. दोन रंग एकमेकांवरून गेले की तिसराच रंग तयार! मी आयुष्यभर कापड नेसले, धुतलं, शिवलं, पण ते जन्माला येताना पहिल्यांदा पाहिलं. वडील गिरणीत चाळीस वर्षं होते आणि मी साठीला आल्यावर माग पाहतेय, तोही इथं.

जीननं माग थांबवला. मीनलनं तिला दुकानदाराचा कागद दाखवला. जीननं चष्मा लावून वाचला आणि जी हसत सुटली, ती डोळे पुसायला लागली. म्हणाली, "मी चौदाव्या वर्षी गिरणीत लागले तेव्हा चौकड्यांना नुसते नंबर होते. हा त्र्याहत्तर नंबर, तो एक्याऐंशी. मग कॅनडाहून कुणी यायचा, आडनाव सांगायचा, आणि त्र्याहत्तर नंबर त्याच्या घराण्याचा प्राचीन व्हायचा." जुनी म्हणवणारी पुष्कळ टार्टनं पाच-सहा पिढ्यांपलीकडे जात नाहीत म्हणे, त्यांच्यामागे दुकानदार आणि हौशी थापाडे. "कापडात खोटं चालत नाही," ती म्हणाली, "एक धागा चुकला तर दिसतो. कार्डावर काहीही चालतं."

माझे कान तापले.

कांडी संपली होती. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवून नवी घालायची. जीननं खिशातून एक जुना लाकडी धोटा काढला, गुळगुळीत झालेला. आता हातानं ओवायचे धोटे मिळतात, पण हा तिच्या आईचा. नवी कांडी घातली, दोऱ्याचं टोक आतून धोट्याच्या कडेच्या भोकाशी नेलं, आणि बाहेरून भोकाला तोंड लावून श्वास आत ओढला. फट्कन दोरा बाहेर. "याला आम्ही धोट्याचा मुका घेणं म्हणायचो," ती म्हणाली आणि पुढचे दात बोटानं वाजवले. खोटे होते. तेलानं, धुळीनं सगळ्या विणणाऱ्या बायकांचे दात जायचे, आणि एक धोटा दहा तोंडांना लागायचा.

मग तिनं दुसरी कांडी घालून धोटा मीनलपुढे धरला. "तुझे आजोबा विणकर होते म्हणालीस ना? मग त्यांनी हे हजार वेळा केलं असेल. घे, त्यांच्या नावानं."

मीनलनं हात पुढे केला.

"थांब," मी म्हणाले. "मीनल, तुझे आजोबा विणकर नव्हते."

अरुण म्हणाला, "अक्का, आत्ता नको."

"आत्ताच." माझा आवाज चढला, वर्गातला. "ते सूत कातायच्या खात्यात होते. चाळीस वर्षं. विणकामाच्या खात्यात पगार जास्त होता, आणि मुंबईतल्या त्या गिरण्यांत आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. का? हा धोटा. याला तोंड लावावं लागतं. आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? ते जेवणाच्या सुट्टीत त्या खात्याच्या दारात उभे राहून माग बघायचे. उंबऱ्याच्या बाहेरून. घरी येऊन आमच्या परकराचं कापड चिमटीत धरून सांगायचे, आडवा धागा सैल मारलाय. सगळं येत होतं त्यांना. हात लावू दिला नाही कुणी. म्हणून ते बाज विणायचे."

मीनल माझ्याकडे पाहतच राहिली. मग अरुणकडे. मग म्हणाली, "पण तोंड तर सगळ्यांचा सेम असतो."

तिच्या त्या चुकलेल्या मराठीत मला रडू फुटलं. अरुण भिंतीला टेकून खाली पाहत होता. "मला वाटलं, तुला हे माहीतच नको," तो तिला म्हणाला. "तुझ्यापर्यंत यायलाच नको."

"डॅड, मी त्याच्यासाठी लाइन काढली. आणि तू मला सांगितला नाही." तिनं दुकानदाराचा कागद उचलला, दोन तुकडे केले आणि जीनच्या टेबलावरचं पेन घेतलं. पण आधी तिनं जीनला सगळं सांगितलं. मधे मधे अडखळत, तिच्या हातातल्या धोट्याकडे दाखवत.

जीननं धोटा माझ्या हातात दिला.

लाकूड कोमट होतं. भोकाला तोंड लावलं. तेलाचा, ओल्या मेंढीचा वास. श्वास ओढला, दोरा जिभेला लागला, आला आला म्हणता तुटला. मला कुठली सवय! मी ओशाळून धोटा पदराला पुसायला गेले. जीननं माझा हात धरला, धोटा काढून घेतला, तुटलेलं टोक पुन्हा भोकाशी नेलं, आणि न पुसता, जसाच्या तसा, आपल्या तोंडाला लावला.

दोरा बाहेर आला. तिनं धोटा मागात घातला आणि खटका ओढला.

पुन्हा लीड्स

लग्न छान झालं. ईयनचा किल्ट, मीनलची पांढरी साडी आणि खांद्यावर ते कापड. आधी बुद्धवंदना, मग त्यांचं बॅगपाइप. दाराशी टेबलावर प्रमाणपत्र चौकटीत लावून ठेवलं होतं. मीनलनं लिहिलेलं, जसंच्या तसं छापलेलं. मराठी मंडळातल्या एक बाई चष्मा घरी विसरल्या होत्या. त्यांनी अरुणला विचारलं, "डॉक्टर, काय हो लिहिलंय? तुमच्या घराण्याचा इतिहास का?"

मी शेजारीच होते. अरुणनं टायची गाठ सैल केली. मला वाटलं, आता हा टाळ्या वाजवणार.

"हो," तो म्हणाला, आणि मराठीत वाचू लागला. "हे टार्टन नवं आहे. याला कुठलीही लढाई माहीत नाही. वधूचे आजोबा मुंबईच्या गिरणीत सूत कातत. त्यांची जात अस्पृश्य मानली जाई, म्हणून त्यांना माग चालवू दिला नाही. पांढरी रेघ त्यांची आहे. ती विणताना धोट्याला त्यांच्या मुलीनं तोंड लावलं."

मागे आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. त्यांतल्या एकानं विचारलं, "काय, काय लिहिलंय?"

अरुणनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं.